तेपाएरू आणि हेक्टरच्या आजोबांचा दगड

किलब्रेच्या मुलींच्या वसतिगृहात मेट्रन टिकत नसे. उन्हाळा सरताना यायची, सफरचंदं पिकेपर्यंत खुशीत असायची, आणि जुलैत, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन हिवाळ्यात, नळाचं पाणी गोठलं की तिची बहीण आजारी पडायची. प्रत्येक मेट्रनला एक बहीण असायची आणि ती जुलैतच आजारी पडायची. एक बाई तर जेवणं वाढता वाढता पळी पातेल्यात सोडून बस पकडायला गेली. मी एफी, तिथली स्वयंपाकीण. पळी कुठे सोडलीय ते पाहिलं आणि पुढचं वाढायला घेतलं. काय करणार?

तेपाएरू आली ती टपालाच्या गाडीतून. आधी एक खराटा उतरला, मग चटईएवढी गुंडाळी, मग बारा वर्षांची एक काटकुळी पोर, आणि शेवटी ती स्वतः, गाडीचं एक अंग वर उचलत. फुलाफुलांचा झगा, त्यावर एक स्वेटर, त्यावर दुसरा, डोक्यावर शिंपल्यांची टोपी. मार्च महिना होता. आम्ही बाह्या वर करून फिरत होतो.

"खराटा कशाला ग आणलास?" मी विचारलं. चांगला नारळाच्या हिरांचा होता, मुठीला सुंभ बांधलेलं.

"तुमच्याकडे अंगण नाही?"

"आहे. पण अर्धं वर्ष बर्फाखाली."

"मग बर्फ झाडीन," ती म्हणाली आणि मला मिठी मारली. माझ्या हातात सोललेलं सलगम होतं, ते आमच्या दोघींच्या मध्ये अडकलं.

ती कुक बेटांतली, मांगाया नावाच्या ठिपक्याएवढ्या बेटावरची. नवरा उत्तरेला कागदाच्या गिरणीत होता, तो वारला. लेक सिडनीला, ती फक्त टेलिफोनवर असायची. राहिली ही नात, तिआरे. पोर हुशार, आमच्या शाळेनं तिला आपणहून जागा दिली. पण एवढ्याशा पोरीला देशाच्या दुसऱ्या टोकाला एकटीला सोडायचं तेपाएरूच्या जिवावर आलं. तेवढ्यात मेट्रनची जागा रिकामी असल्याचं तिला कळलं. ती जागा कधी भरलेलीच नसते, हे तिला कोणी सांगितलं नाही.

सांगितलं ते हेक्टर मन्रोनं. हेक्टर वसतिगृहाच्या कमिटीचा अध्यक्ष. मी आणि तो लहानपणी एका बाकावर बसायचो. मी बाक लवकर सोडला, तो बसून राहिला आणि मोठा झाला. तोंड कुंपणाच्या खांबासारखं. माणूस वाईट नाही, पण चांगुलपणा दिसला तर कोणी उसना मागेल अशी त्याला भीती.

"मेट्रनबाई," तो पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "हिवाळा काढलात, तर नोकरी कायमची. नाही काढलात, तर नातीची दुसरीकडे सोय बघा. मध्येच बस पकडणाऱ्या बायांना मी कंटाळलोय."

"हिवाळा म्हणजे काय, शार्क आहे का?" तेपाएरू हसून म्हणाली.

हेक्टर हसला नाही. "शार्क एकदाच चावतो," म्हणाला, आणि गेला.

तिआरेला आमच्या शाळेत ठेवायचं, आणि तिच्याजवळ राहायचं, एवढं एकच त्या बाईला जगात हवं होतं. दुसरं काही असलंच तर अळूची पानं. ती आमच्याकडे मिळत नाहीत. ती चुक्यापालकासारखी कसलीशी पानं आणि डब्यातलं खारं मांस नारळाच्या दुधात शिजवायची आणि डोळे मिटून खायची, म्हणजे पान कुठलं ते दिसायला नको.

जून लागला आणि तिला शार्क भेटला.

एके सकाळी ती आत आली ती तणतणत. "एफी, तुमच्या त्या माळ्याला काही रीतभात आहे का? तीनदा 'सुप्रभात' म्हटलं. ढिम्म!"

माळी तर आठवडाभर सुटीवर होता. जाऊन पाहते तो धोब्याच्या खोलीबाहेर त्याची विजार आणि अंगरखा. दोरीवर गोठून ताठ झालेले, कोणीतरी काढून भिंतीला टेकवून ठेवलेले.

"अग, तो रिकामा आहे!"

"मला काय माहीत? इथली सगळीच माणसं अशीच उभी असतात की!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की लापशी करपली. पण दोनच दिवसांनी कपडे वाळवायच्या खोलीत ती बंबाला पाठ लावून रडताना दिसली. "एफी, माझे नाकातले केस गोठले. देवानं नाकात केस दिले ते काय गोठायला?"

"बस पकडणारेस का?" मी विचारलं.

तिनं डोळे पुसले. "बसमध्ये शेगडी असते?"

"नाही."

"मग कशाला पकडू?"

तेव्हाच मला वाटलं, ही वेगळी आहे.

आमच्या पोरींचा हिवाळा म्हणजे काय असायचा? शाळेतून आल्या की एका शेगडीभोवती कोंडाळं. पायाची बोटं सुजलेली, खाजणारी, कोण शेगडीजवळ बसणार यावरून भांडणं. बाहेर सर्दी होते म्हणून बाहेर जायचं नाही. आत करायला काही नाही म्हणून नुसत्या खायच्या, आणि घरी रडकी पत्रं लिहायच्या. तेपाएरूनं आठवडाभर हे पाहिलं आणि मग ती चटईएवढी गुंडाळी सोडली.

आत गोधडी होती. मी जन्मात तशी पाहिली नव्हती. पांढऱ्या कापडावर लाल कापडाचं एकच मोठं फुलझाड कापून शिवलेलं, कडा अशा बारीक की टाका दिसेना. तिवाएवाए म्हणतात तिला. लग्नाला देतात, मयताला देतात, पण विकत कधीच नाही.

"ऊब येते का हिची?" मी विचारलं.

"छे! एकेरी कापड. ऊब शिवताना येते." मग तिनं वसतिगृहाच्या माळ्यावरून जुन्या करड्या घोंगड्या काढल्या, सभागृहाचे कसर लागलेले लाल पडदे काढले, आणि पोरींना कात्र्या दिल्या. घोंगडीवर फणसासारख्या झाडाची पानं, जास्वंदी, तारे. अंगावर घ्यायच्या घोंगड्या, गळ्याशी बंद.

गावातल्या बाया आधी खिडकीतून पाहून गेल्या, मग चीझ रोल घेऊन आल्या, मग सुई घेऊन. पहिल्या दिवशी सगळ्या खाली माना घालून गुपचूप शिवत बसल्या.

"कोणी गेलंय का?" तेपाएरूनं विचारलं.

"नाही बाई. का?"

"मग गा की! मुकाट्यानं शिवायला हे काय पोतं आहे?"

आमच्या बायांना चर्चमधलीच गाणी येत. तेपाएरू त्या गाण्यांना कमरेतून अशी हालायची की हेक्टरची बायको आयसोबेल लाजून लाल झाली, आणि पुढच्या आठवड्यात तीही हालायला लागली. भरीला भर म्हणून तिनं हेक्टरची जुनी लोकरी विजार कापायला दिली. हेक्टरला ती रस्त्यात दिसली, एका पोरीच्या पाठीवर, फणसाचं पान झालेली.

"आयसोबेल, ती माझी विजार होती!"

"होती," आयसोबेल म्हणाली. "आता तरी चांगली दिसतेय."

घोंगड्या झाल्या आणि पोरी बाहेर पडल्या. कोळशाची फावडी घेऊन मागची टेकडी चढायच्या, फावड्यावर बसायच्या, दांडा दोन्ही गुडघ्यांत, की सुसाट खाली. तेपाएरू खाली उभी राहून झेलायची. दोन पोरी एकदम आल्या की तिघी मिळून कुंपणापर्यंत जायच्या. पत्रांतलं रडणं थांबलं. टपालवाला म्हणाला, हल्ली पाकिटं पातळ झाली.

राहिला रात्रीचा प्रश्न. अंथरुणं बर्फासारखी. पूर्वी गरम पाण्याच्या रबरी पिशव्या होत्या, पण एक फुटली, एका पोरीचा पाय भाजला, आणि कमिटीनं त्या बंद केल्या. तेपाएरूनं कमिटीशी वाद घातला नाही. दगड तापवून गुंडाळला की रात्रभर ऊब देतो, हे त्यांच्या बेटावर पोराटोरांनाही ठाऊक. जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर सबंध डुक्कर शिजवणारी माणसं ती. तिला फक्त दगड हवे होते, आणि ते तिला धोब्याच्या खोलीत सापडले. छान गोल, दोन्ही बाजूंनी चपटे, गुळगुळीत, मध्ये एक भोक. पोत्यांखाली नीट रचून ठेवलेले. तिला वाटलं, आधीची कोणी शहाणी मेट्रन ठेवून गेली.

आता ते दगड काय होते ते सांगते. आमच्या मॅनियोटोटो भागात हिवाळ्यात धरण गोठलं की त्यावर दगड सरकवायचा खेळ असतो, कर्लिंग. बर्फावर गोल आखलेला असतो, त्याला घर म्हणतात. आपला दगड त्या घराच्या मधोमध जाऊन थांबला पाहिजे, आणि दुसऱ्याचा असला तर तो उडवला पाहिजे. दगडापुढे दोघंजण झाडूनं बर्फ झाडत पळतात, म्हणजे तो लांब जातो. एकेक दगड चांगला आठ-दहा विटांच्या वजनाचा. हे दगड आमच्या आज्या-पणज्यांनी स्कॉटलंडहून बोटीत घालून आणले. भांडी कमी आणली, दगड आणले. घरात बापानंतर मुलाला जमीन मिळते की नाही ते नंतर, दगड आधी मिळतो. क्लबाच्या छपरावर बर्फ साचून ते बसलं, म्हणून सगळ्यांचे दगड वसतिगृहात ठेवले होते. पितळी मुठी तेवढ्या काढून हेक्टरकडे होत्या, घासायला. तो क्लबाचाही अध्यक्ष.

मी दिवस मावळायला घरी जायची, त्यामुळे मला याचा पत्ता नाही. तेपाएरू कपडे वाळवायच्या खोलीतल्या बंबावर दगड तापवायची, फ्लॅनेलमध्ये गुंडाळायची आणि धाकट्या पोरींच्या पायाशी ठेवायची. शेतावरून आलेल्या पोरी त्या गोठलेल्या धरणावरच वाढलेल्या. त्यांनी बघताक्षणी ओळखलं. पण गरम पायांना वाचा नसते. एकीनंही तोंड उघडलं नाही.

जुलैच्या मध्यावर हेक्टरनं धरणाच्या बर्फाला भोक पाडून जाडी मोजली आणि डोक्यावरून टोपी ओवाळली. म्हणजे उद्या सामना. ज्याच्या हातात जे काम असेल ते टाकून त्यानं यायचं, हा नियम. दात काढता काढता डॉक्टर गेलेला आहे, दात तसाच ठेवून. दगड आदल्या दिवशीच बर्फावर नेऊन ठेवायचे असतात, गार व्हायला. माणसं गाडी घेऊन आली तेव्हा पोरींनी धावपळ करून सगळे दगड जागेवर रचले. एक सोडून. पिप नावाची सगळ्यात धाकटी पोर खोकल्यानं आजाऱ्यांच्या खोलीत होती, आणि तेपाएरू रात्रभर तिच्यापाशी, म्हणून दगड गेलेले तिला कळलंच नाही. तिच्या पायाशी होता हेक्टरच्या आजोबांचा दगड. हेक्टरनं दोनदा शोधलं आणि पडलेलं छप्पर पुन्हा उपसलं. त्या दिवशी त्याच्याशी कोणी बोलू शकलं नाही.

सामन्याच्या सकाळी दुसऱ्या गावाच्या संघाची बस खिंडीत अडकली. सारा गाव बर्फावर, सूपाची पातेली चढलेली, आणि खेळायला समोर कोणी नाही. हेक्टर तोंड पाडून उभा.

"आमच्या पोरी खेळतील," तेपाएरू म्हणाली. ती पोरींना घेऊन नुसती बघायला आली होती.

"पोरी?"

"का? त्यांचे हात पाहिलेत का? फावड्यांनी कसे घट्ट झालेत."

फ्लोरा मॅकलिंटॉक नावाची मोठी पोर, तिचा बाप कर्लिंगचा बहाद्दर, ती कप्तान झाली. तिआरे दुसरी, ज्युडिथ तिसरी. चौथी कोणी मिळेना, म्हणून तेपाएरू स्वतः, खराटा घेऊन. खराटा पाहून जुने खेळाडू हसले, पण एकानं हळूच हात लावून पाहिला. आणि दगड एक कमी. तो कोणाचा हे सगळ्यांना माहीत, कुठे आहे हे फक्त पोरींना.

फ्लोरानं तेपाएरूला बाजूला घेतलं. मी सूप ढवळत तिथेच होते, तेव्हा मलाही सगळं कळलं.

"आजी, पिपच्या पायाशी आहे ना, तो."

"कुठला तो?"

"मन्रोसाहेबांच्या आजोबांचा. ते सगळेच खेळायचे दगड होते, आजी."

पोरी आता तिला आजीच म्हणत, तिआरेचं ऐकून. तेपाएरूनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचं हसू मावळलं. पाहिलं तिनं तिआरेकडेही. तिआरे त्या घोंगडीत उभी राहून बर्फावर पाय घासून पाहत होती, इतकी खुशीत की तिला कोणी काही सांगू नये.

"आता माझी नोकरी गेली," तेपाएरू मला म्हणाली. "एफी, मी माणसाचे वाडवडील बंबावर ठेवले."

"गप्पपणे आणून दे," मी म्हटलं. "सापडला म्हण."

पिपपाशी बसवलेल्या पोरीलाही सामना बघायचा होता, म्हणून ज्युडिथनं धावत जाऊन पिपला आणि दगडाला एकाच ढकलगाडीतून आणलं, एकाच गोधडीत. हेक्टरला दगड दिसला आणि त्याचा चेहरा असा झाला की मला त्याचं लहानपणचं नाव आठवलं. "कुठे होता?"

"कपडे धुवायच्या टबामागे," फ्लोरा म्हणाली.

हेक्टरनं जाड हातमोज्यांतच त्याला पितळी मूठ बसवली. मी देवाचं नाव घेतलं. मग त्याला उदारपणा सुचला. तो त्याला वर्षातून एकदाच सुचतो, आणि सुचला तो नेमका तेव्हा. "तुम्ही शोधलात, आज तुम्हीच हा खेळा. माझ्याकडे दुसरा आहे."

फ्लोरानं तेपाएरूची बाही ओढली. "आजी, कोमट दगड बर्फावर टाकायचा नसतो."

"कोमट कुठला? पहाटे पिपला खोकला आला म्हणून मी तो पुन्हा चांगला तापवलाय. टाकला तर काय होतं?"

"माहीत नाही. आजवर कोणी टाकलेलाच नाही."

बर्फात ठेवून गार करावा, तर बर्फ वितळून बोभाटा व्हायचा. तेव्हा दगड गोधडीतच राहिला, शेजारी पिप. त्यांनी ठरवलं, सगळ्यात शेवटी टाकायचा.

खेळ कसा झाला ते मी काही सांगत नाही, मला निम्मं कळलं नाही. एवढं खरं की गावानं पहिल्यांदा पोरींना कौतुकानं टाळ्या दिल्या, आणि मग टाळ्या थांबल्या, कारण फ्लोरा जिंकायला लागली. आणि तो खराटा! त्याच्या हिरा बर्फावरून अशा सळसळत जायच्या की दगड मागून धावतच यायचा. तेपाएरू झाडताना गायची, मग पोरीही, मग काठावरच्या बाया, आयसोबेल सगळ्यांत मोठ्यानं. हेक्टर ओरडला, "हा सामना आहे की लग्न?" त्यावर आयसोबेल म्हणाली, "आपल्या लग्नापेक्षा बरं चाललंय."

शेवटची फेरी आली ती बरोबरीत. पोरींचा शेवटचा दगड, मग हेक्टरचा शेवटचा, संपलं. तेपाएरूनं गोधडी बाजूला केली, मूठ धरली, वाकली, आणि ज्या हातांनी होड्या पाण्यात लोटल्या होत्या त्या हातांनी दगड लोटला. तो सुरर्र करत गेला, मागे ओल्या बोटासारखी रेघ ठेवत, आणि थांबला घराच्या मधोमध. टाळ्या पडल्या. कोणी नीट पाहिलं असतं तर कडेनं थोडी वाफ दिसली असती. पण सगळ्यांच्याच तोंडातून वाफ येत होती.

आता हेक्टरनं लगेच आपला दगड टाकला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. पण आमच्याकडे शेवटच्या दगडाआधी एकेक घोट घ्यायची आणि कप्तानानं दोन शब्द बोलायची रीत आहे. हेक्टरचे दोन शब्द कधी दोन नसतात. तो आजोबांवर बोलला. आजोबांच्या बोटीवर बोलला. समोर त्या दगडाकडे हात करून म्हणाला, "असा दगड, जो कधी कोणापुढे झुकला नाही!" तोवर तो दगड बोटभर खाली बसला होता, आणि भोवतीचं पाणी काचेसारखं गोठून त्याला घट्ट धरून बसलं होतं.

मग हेक्टरनं नेम धरला. नेम त्याचा चांगला, हे मान्य करायला हवं. त्याचा दगड सरळ गेला, आदळला, असा आवाज झाला की डोंगरावरची मेंढरं वळून बघायला लागली, आणि त्याचा दगड उलटा फिरून धरणाच्या काठापर्यंत गेला. आजोबांचा दगड जागेवर. तसूभरही हलला नाही.

सगळ्यांनी वाकून पाहिलं.

"दगड जिथे थांबला तिथेच मोजायचा," फ्लोराचा बाप शेवटी म्हणाला. "का थांबला ते विचारायचं नाही. हेक्टर, हा नियम तूच केलायस."

हेक्टर घराकडे चालत गेला. मूठ धरून ओढली, मूठ हातात आली. मग त्यानं हातमोजा काढला आणि दगडावर हात ठेवला. ठेवूनच राहिला.

"हा कोमट आहे," तो म्हणाला.

तेव्हा ढकलगाडीतून पिप शिंकली आणि म्हणाली, "माझ्या पायाशी होता ना, म्हणून. छान असतो."

पोरीच्या तोंडावर हात ठेवायला मी तिथे पोचले, पण उशिरा.

तेपाएरू पुढे झाली. खोटं तिला बोलताच यायचं नाही. "हेक्टर, मीच. सगळेच दगड तापवले, पोरींना झोपताना. मला वाटलं, झोपायचेच दगड आहेत."

"माझ्या आजोबांचा दगड!" हेक्टरचा आवाज चिरकला. "स्कॉटलंडहून आलेला!"

"मग एवढ्या लांबून आलेल्याला थंडी वाजत नसेल का?" ती म्हणाली. चेष्टेनं नाही, खरंच विचारलं.

"पोरींच्या पायाशी ठेवलात!"

"आमच्याकडे आजोबा पोरांच्याच पायाशी बसतात. पाय चोळत." मग तिचा आवाज खाली गेला. "तुम्हाला जे करायचं ते करा. पण पोरीसमोर नको."

"सोमवारी कमिटी आहे," हेक्टर म्हणाला. एवढंच. तिआरेनं ऐकलं. ती आजीच्या झग्याला बिलगली. एरवी मोठी झाले म्हणणारी पोर ती, पण त्या दिवशी बिलगली.

पण सोमवार लांब होता आणि दगड समोर होता. तो बर्फातून निघेना. कुऱ्हाड चालवावी, तर दगडाला लागायची. मग गावातल्या किटल्या आल्या. चहा ओतला, सूप ओतलं, ते तिथंच गोठलं. आता दगड सूपात गोठला. शेवटी हेक्टर स्वतः बर्फावर पालथा पडला आणि चमच्यानं कडा कोरायला लागला. कोणालाच हात लावू देईना. पोरींनी त्याच्या पोटाखाली एक घोंगडी सरकवली, जास्वंदीची. आयसोबेलनं पाठीवर दुसरी टाकली. "तुझीच विजार आहे त्यात," म्हणाली. सगळा गाव भोवती उभा, सूप पीत, सल्ले देत. पोरी गाणं म्हणत. असं तासन् तास चाललं.

ऊन उतरलं आणि हेक्टरचे दात वाजायला लागले. सूपाच्या चुलीच्या कडेला धरणाच्या भिंतीतला एक साधा धोंडा तापत होता. तेपाएरूनं तो फडक्यात गुंडाळला आणि हेक्टरच्या बुटांशी नेऊन ठेवला.

मला वाटलं, आता हा लाथ मारणार. हेक्टरचा चमचा थांबला. मग त्याचे बूट हळूहळू त्या धोंड्याच्या दोन्ही बाजूंना सरकले, जसं मांजर शेगडीजवळ सरकतं तसं. आणि तो पुन्हा कोरायला लागला. दगड निघाला तेव्हा तो उठला, पण आधी धोंडा काखेत घेतला आणि मग दगड मागितला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तरी सोमवारचं काही सांगता येत नव्हतं. हेक्टरच्या पायांचं मत कमिटीत धरत नाहीत. तेपाएरूनं गुंडाळी बांधली, खराटा दाराशी ठेवला. मी रडू नये म्हणून कांदे चिरत बसले. कमिटी झाली, पण कोणी काही सांगायला आलं नाही. दुपारी अंगणात गाडीचा आवाज आला. हेक्टरनं ट्रेलर मागे घेऊन धोब्याच्या खोलीच्या दाराशी लावला आणि आपला आपण विटा उतरवू लागला. आपल्या जुन्या धुराड्याच्या विटा, घासून स्वच्छ केलेल्या.

तेपाएरू बाहेर गेली, मी खिडकीतून ऐकत होते.

"हे काय, हेक्टर? भिंत बांधून आत कोंडताय का मला?"

"दगड क्लबाचे आहेत," तो खाली बघून म्हणाला. "विटा तापतात. टिकतातही." मग जरा थांबून, "पुढच्या वर्षी पोरी वाढणारेत. आणखी लागतील."

"पुढच्या वर्षी?"

"मी काय, दोनदा सांगायला आलोय का इथे?"

तेपाएरूनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्या दोन्ही गालांवर मुके घेतले, मोठ्यांदा, तिकडे घेतात तसे. वरच्या सगळ्या खिडक्या पोरींनी भरल्या होत्या, तिआरे सगळ्यांच्या पुढे. हेक्टरच्या दोन्ही हातांत विटा होत्या. त्या खाली ठेवायच्या की बाईला दूर लोटायचं, हे त्याला सुचेपर्यंत तिनं तिसरा मुका घेतला होता.